वर्धेच्या दोन तीरांवरील एकच हवा

दिवाळीचे दिवस सरले आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले, की वृत्तपत्रांतून दिल्लीच्या काळवंडलेल्या आकाशाच्या वार्ता नेमाने येऊ लागतात. तेथे शाळांना सुट्या द्याव्या लागतात, विमाने खोळंबतात, न्यायालये सरकारला जाब विचारतात. आणि इकडे विदर्भात सकाळच्या चहाबरोबर त्या वार्ता वाचणारा सुशिक्षित गृहस्थ क्षणभर हळहळून पान उलटतो. आपल्याकडे दुसरे काही नसले तरी निदान हवा तरी चांगली आहे, असे एक समाधान त्या हळहळीच्या तळाशी असते. हे समाधान कितपत साधार आहे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते. आणि एरवी आतील पानावर येणारा मजकूर आज पहिल्या पानावर देण्याचे कारणही हेच आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, निर्गुडा नदीच्या काठी, वणी हे गाव वसलेले आहे. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मस्थान. १९०५ पर्यंत या सबंध जिल्ह्याला वणीचेच नाव होते; इंग्रजी दप्तरांत ते 'वून' असे लिहिले जाई. या भूमीच्या पोटात कोळसा आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच कळून चुकले होते. खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा ही खेड्यांची नावे खाणींची नावे म्हणून देशाच्या कोळशाच्या नकाशावर आली. राजूरला कोळशाच्या जोडीने चुन्याच्या भट्ट्या आहेत. अलीकडे मुकुटबन येथे सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आहे. या सर्वांचा माल वाहून नेणाऱ्या ट्रकांची रांग, त्यांचे वजनकाटे, कोळशाच्या वखारी आणि रेल्वेच्या सायडिंगा यांनी वणीचा परिसर वेढला गेला आहे. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकवस्ती अर्ध्या लाखाहून अधिक होती. म्हणजे आपण बोलत आहोत ते एखाद्या रानातील खाणीविषयी नव्हे. शाळा, दवाखाने, बाजारपेठ आणि राहती घरे असलेल्या एका नांदत्या शहराविषयी बोलत आहोत.

अशा वस्त्यांतील गृहिणीची तक्रार जुनीच आहे. सकाळी ओसरी झाडावी आणि दुपारी तिच्यावरून बोट फिरवावे, तर बोट काळे होते. दोरीवर वाळत घातलेली धोतरे-पातळे पुन्हा धुवावी लागतात. पाण्याची भांडी झाकून ठेवावी लागतात. या तक्रारीला मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरविला जातो, धूळ घटकाभर बसते, आणि ऊन चढताच पुन्हा उठते. तक्रार आणि टँकर यांचा हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि दोन्ही बाजूंस तो इतका अंगवळणी पडला आहे, की त्यापलीकडे काही प्रश्न उरतो याची जाणीवच राहिलेली नाही.

वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ओसरीवर बसणारी काळी धूळ डोळ्यांना दिसते ती ठसठशीत असते म्हणून. आणि जी ठसठशीत असते तिचा बराचसा भाग नाकातील केस आणि घशातील ओलावा अडवून धरतात. माणसाच्या जिवावर उठते ती न दिसणारी धूळ. शास्त्रज्ञ तिला पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन अथवा त्याहून कमी व्यासाचे कण. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली, तर हा कण केसाच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढा ठरतो. असा कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या, रक्ताला प्राणवायू देणाऱ्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो; त्यांतील अतिसूक्ष्म कण तर तेथून रक्तातही उतरतात. म्हणूनच या धुळीमुळे होणारे विकार केवळ खोकला आणि दमा एवढ्यावर थांबत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, अपुऱ्या वजनाची बालके हीही तिच्याच खात्यावर मांडावी लागतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा आणि त्यातील कणांचा समावेश निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केला.

या सूक्ष्म धुळीचा उगम बहुतांशी ज्वलनात असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दगड फुटला, माती उडाली, कोळसा ट्रकमध्ये ओतला, म्हणजे जी धूळ होते ती मुख्यतः जाड असते. काही जळले, म्हणजे जी होते ती बारीक असते. चुन्याच्या भट्टीत कोळसा जळतो. रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या इंजिनांत डिझेल जळते. उघड्यावर साठविलेला कोळसा उन्हातान्हात आपोआप धुमसू लागतो आणि कित्येक दिवस विझत नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर प्लास्टिकसह सारा केरकचरा जळतो. गरिबांच्या घरी चुलीत पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी जळते. कापसाचा हंगाम संपला, की शेताच्या बांधावर उरलेल्या पऱ्हाटीचे ढीगही पेटतात. वीजनिर्मिती केंद्रांच्या उंच धुराड्यांतून जो गंधकाचा वायू बाहेर पडतो, तो तर हवेत प्रवास करता करता स्वतःच सूक्ष्म कणांचे रूप घेतो आणि शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र वणीपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही दूर नाही.

हिवाळ्यात हे सर्व एकत्र कोंडते. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा गार व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, आणि वारा पडलेला असल्यामुळे दिवसभराचा धूर त्या झाकणाखाली सकाळपर्यंत अडकून राहतो. पहाटे फिरावयास जाणारे वृद्ध आणि सात वाजता शाळेला निघणारी मुले हीच हवा घेतात. मोठा माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत घेतो. दोन-तीन लिटर पाणी पिण्यापूर्वी आपण ते गाळतो, उकळतो, निवळते की नाही ते पाहतो. या हजारो लिटरांविषयी मात्र आपण कधी विचारही करीत नाही.

आता प्रश्नाच्या मर्माकडे वळू. वणीच्या पूर्वेस वर्धा नदी वाहते. तीच यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची सीमा होय. नदीच्या पूर्व तीरावर घुग्घुस, पश्चिम तीराकडे मुंगोली आणि निलजई. कोळशाचा थर एकच; तो नदीखालून आरपार गेलेला आहे. खाणी चालविणारी कंपनी एकच. ट्रक पुलावरून दिवसरात्र ये-जा करतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक परिसरांची पाहणी करून ४३ परिसर 'अतिगंभीर प्रदूषित' ठरविले, तेव्हा त्यांत चंद्रपूरचा क्रमांक पहिल्या काही नावांत होता, आणि त्या चंद्रपूर परिसरात घुग्घुसचा अंतर्भाव होता. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. ज्या शहरांची हवा सतत पाच वर्षे ठरविलेल्या मर्यादेबाहेर राहिली, अशा शहरांची यादी त्यासाठी झाली. विदर्भातून नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर ही नावे तीत आली. त्यांच्यासाठी कृतियोजना झाल्या, निधी आला, उद्दिष्टे ठरली. यवतमाळ जिल्ह्यातील एकही शहर त्या यादीत नाही.

म्हणजे कागदोपत्री असे दिसते, की प्रदूषण पूर्वेकडून नदीच्या पाण्यापर्यंत येते आणि तेथे चपला काढून परत फिरते! वाऱ्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु आपली शासनव्यवस्था हद्दींवर चालते. जिल्हाधिकारी जिल्ह्याचा, नगरपालिका गावाची, ग्रामपंचायत खेड्याची, खाण कंपनीची, रस्ता बांधकाम खात्याचा, सायडिंग रेल्वेची. धूर या सर्वांच्या हद्दींतून जातो आणि कोणाच्याच हद्दीत राहत नाही. वणीच्या नागरिकाने तक्रार घेऊन जावे तर प्रत्येक दारी त्याला दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो.

या यादीच्या मुळाशी असलेली एक विसंगती तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. यादीत येण्यासाठी मर्यादेचे उल्लंघन झाल्याची नोंद हवी. नोंदीसाठी वर्षानुवर्षे नियमित मोजमाप हवे. आणि मोजमाप होते ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत. जेथे यंत्र नाही तेथे आकडा नाही, आकडा नाही तेथे उल्लंघन नाही, आणि उल्लंघन नाही तेथे प्रदूषणही नाही, असा हा न्याय आहे. ताप मोजण्याची नळीच घरात ठेवली नाही, तर घरात कोणास तापच येत नाही असे म्हणण्यासारखे हे झाले. त्यातही भर अशी, की ज्या शहरांना निधी मिळाला तेथे यशापयशाची कसोटी म्हणून धरली गेली ती दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची, अडीच मायक्रॉनच्या धुळीची नव्हे. साहजिकच त्या पैशाचा मोठा भाग रस्ते झाडण्यावर व पाणी मारण्यावर गेला. दिसणारी धूळ थोडी खाली बसली. न दिसणारी होती तेथेच राहिली.

लहान गावाला मोठ्या शहराचा रोग होत नाही, ही समजूत जगाने फार मोठे मोल देऊन टाकून दिलेली आहे. अमेरिकेतील डोनोरा हे मोनोंगाहेला नदीच्या वळणावरील गाव. वस्ती अवघी चौदा हजारांच्या आसपास. उद्योग म्हणजे जस्त आणि पोलाद. ऑक्टोबर १९४८ मध्ये तेथे हवेचे असेच झाकण बसले आणि काही दिवसांत वीस माणसे दगावली, हजारो आजारी पडली. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सहा गावे निवडून आठ हजारांहून अधिक प्रौढ माणसांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा केला. १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत मलिन हवेच्या गावात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या गावापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि धूम्रपान, वय इत्यादी गोष्टींचा हिशेब वजा करूनही तो फरक टिकला. ते सर्वांत मलिन गाव न्यूयॉर्क नव्हते, शिकागोही नव्हते. कोळसा आणि पोलाद यांवर जगणारे ओहायो नदीकाठचे स्ट्यूबेनव्हिल हे एक लहान गाव होते. वणीच्या वाचकाने हे नाव विसरू नये. या अभ्यासाचा आधार घेऊन अमेरिकेने १९९७ मध्ये सूक्ष्म धुळीची मर्यादा ठरविली. भारताने ती २००९ मध्ये ठरविली: वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, आणि एका दिवसाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली. आपली मर्यादा तिच्या आठपट सैल आहे, आणि तिचेही पालन होते की नाही हे पाहण्याची व्यवस्था वस्त्यावस्त्यांतून नाही.

श्वासावाटे शिरलेले विष काय करते, याचा धडा यवतमाळ जिल्ह्याला दुसऱ्या देशाकडून घेण्याचे कारणही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर औषध फवारताना येथील शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि वीसच्या आसपास दगावली. सारा देश हादरला; चौकशीपथक नेमले गेले; नियम झाले. ते व्हावयासच हवे होते. परंतु ते झाले मृत्यू मोजता आले म्हणून. फवारणीचा मृत्यू चार दिवसांत येतो आणि आपल्या कारणाचे नाव सांगून येतो. सूक्ष्म धुळीचा मृत्यू वीस वर्षांनी येतो आणि दुसऱ्याच नावाने येतो. दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलेले असते, 'दमा' लिहिलेले असते, कधी नुसते 'वार्धक्य' लिहिलेले असते. त्याची चौकशी होत नाही, त्याची भरपाई नाही, आणि त्याच्यासाठी विधानसभेत तहकुबी सूचनाही येत नाही.

येथे कायद्यातील एक तफावत दाखविणे आवश्यक आहे. खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या श्वासाची काळजी कायद्याने केली आहे. कायद्यात धुळीच्या मर्यादा आहेत, वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, फुप्फुसाचा रोग जडल्यास भरपाईचा हक्क आहे. या तरतुदींची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय आहे. परंतु तरतूद तरी आहे. खाणीच्या कुंपणाबाहेर दोनशे पावलांवर राहणाऱ्या मुलाची मात्र कोणी तपासणी करीत नाही. कामगार आठ तास त्या हवेत असतो आणि त्याचे वेतन घेतो. मूल चोवीस तास त्या हवेत असते आणि त्याला काही मिळत नाही. १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम या मुलासाठी झाला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात, प्रदूषणरहित पाणी आणि हवा यांचा उपभोग हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. तो खटलाही कोळसा धुण्यातून नदीत जाणाऱ्या गाळाविषयीचा होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोळसा हेच या भागाचे पोट आहे, असे सांगण्यात येते. खाणीत नोकरी करणारा, जमिनीचा मोबदला घेऊन ट्रक विकत घेणारा, त्या ट्रकवर चालक म्हणून राहणारा, भट्टीवर मजुरी करणारा, त्यांना चहा विकणारा, या सर्वांचे संसार त्यावर चालतात. कोरडवाहू कापसाने दगा दिलेल्या जिल्ह्यात या रोजगाराचे मोल काय आहे, हे आम्ही जाणतो. खाणी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कोळशाची किंमत ठरविताना त्यात या गावाच्या फुप्फुसांचा खर्च धरलेला नाही. येथील कोळशाची वीज मुंबई-पुण्याच्या दिव्यांत जळते. तिचे देयक तेथील ग्राहक रुपयांत देतो, आणि उरलेली रक्कम येथील रहिवासी श्वासात देतो. आणि रोजगाराचे नाव पुढे करणाऱ्यांनी हेही पाहावे, की सर्वांत जास्त धूर भट्टीवरचा मजूर आणि ट्रकचा चालक हेच गिळतात. त्यांच्या नावाने धुराचे समर्थन करणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे.

सरकारच्या धोरणातही हीच वृत्ती दिसते. वीज केंद्रांच्या धुरातून गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवावी, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला. त्याची मुदत एकदा वाढली, दोनदा वाढली, पुन्हा वाढली. आणि अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. कोणत्या केंद्रास सूट नाही, हे ठरविताना राजधानीचा प्रदेश, दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे, अतिगंभीर प्रदूषित परिसर आणि यादीतील शहरे यांच्यापासूनचे अंतर पाहिले गेले. पुन्हा यादीच! जे गाव यादीत नाही, त्याचा श्वास अंतराच्या मोजणीतही धरला जात नाही. यादीबाहेर राहणे म्हणजे स्वच्छ असणे नव्हे, आणि ते फुकटही नाही. त्याचा दंड कसा भरावा लागतो, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. खाणीच्या नावाने बोटे मोडताना आपण, म्हणजे यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड येथील पांढरपेशे नागरिक, आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. सकाळी झाडलोट करून पाचोळ्याचा आणि त्यातील प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग फाटकाबाहेर पेटविणे, हा आपल्या वसाहतींतला नित्याचा परिपाठ आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी पाच हजार रुपयांचा, आणि मोठ्या ढिगासाठी पंचवीस हजारांचा दंड ठरविला. आपल्या गल्लीत असा दंड झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? घरी मोलकरीण म्हणून येणारी बाई पहाटे पऱ्हाटीच्या धुरात डोळे चोळीत स्वयंपाक उरकून येते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने तिच्या घरी सिलिंडर पोहोचविला असेलही. परंतु तो रिकामा झाल्यावर पुन्हा भरून आणण्याची ऐपत तिच्या वेतनात आहे की नाही, हे आपल्याशिवाय कोणास ठाऊक असणार? तिच्या चुलीचा धूर संध्याकाळी आपल्याही खिडकीतून आत येतो. हवा ही अशी एकच मालमत्ता आहे, जिची वाटणी करता येत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट मोजमापाची. वणी शहरात, राजूरला, मुकुटबनला आणि यवतमाळच्या वसाहतींत सूक्ष्म धुळीचे अखंड मोजमाप करणारी यंत्रे राहत्या वस्त्यांत बसविली गेली पाहिजेत, आणि त्यांचे आकडे दररोज नगरपालिकेच्या दारावर, शाळेच्या फळ्यावर आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले पाहिजेत. आज पावसाचा आकडा जसा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस सकाळी विचारतो, तसा हवेचा आकडा विचारू लागला, की अर्धे काम झाले. दुसरी गोष्ट आजारांच्या नोंदीची. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि वणीचे ग्रामीण रुग्णालय यांनी श्वसनाच्या रुग्णांची वस्तीवार नोंद ठेवून हवेच्या आकड्यांशी ती ताडून पाहिली, तर पाच वर्षांत या प्रश्नाला पुराव्याचे बळ येईल. तिसरी गोष्ट धुराच्या मुळाशी जाण्याची: कोळशाच्या वखारी आणि सायडिंगा वस्तीपासून दूर नेणे, ट्रकांना वस्तीबाहेरून रस्ता देणे आणि ताडपत्री नुसती टाकणे नव्हे तर बांधणे सक्तीचे करणे, धुमसणारा साठा तत्काळ विझविण्याची जबाबदारी साठा करणाऱ्यावर टाकणे, आणि चुन्याच्या भट्ट्यांना धूर अडविणारी साधने बसविण्यासाठी मुदत आणि साहाय्य दोन्ही देणे.

यासाठी पैसा नाही, हे उत्तर ऐकून घेण्यास आम्ही तयार नाही. खाणीच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात एक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हावी, अशी तरतूद २०१५ मध्ये कायद्यात झाली. खाणींमुळे बाधित झालेल्या लोकांसाठीच हा निधी आहे. आणि त्यातील किमान ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करावा, असे त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. हवा मोजणारी यंत्रे आणि वस्तीबाहेरचा रस्ता ही याच निधीची न्याय्य कामे होत. सभागृहे आणि स्वागतकमानी यांना दुसरे पैसे शोधता येतील.

आणि शेवटची गोष्ट नदीची. चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांनी, खाण कंपनी, रेल्वे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना बरोबर घेऊन, वर्धेच्या खोऱ्याची हवा ही एकच हवा समजून एक संयुक्त समिती नेमली पाहिजे. पाण्याच्या बाबतीत खोरे हा शब्द आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. वरच्या गावाने पाणी अडविले तर खालचे गाव भांडते आणि सरकारला त्यात पडावे लागते. हवेलाही खोरे असते. धुराला वरचे आणि खालचे गाव असते. जे तत्त्व आपण पाण्यास लावले ते हवेस लावण्यास नवा कायदा लागत नाही. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसावे लागते.

बापूजी अण्यांनी १९३० मध्ये याच जिल्ह्यात पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. रानातले गवत कापण्यासही सरकारची परवानगी लागावी, ही गोष्ट त्या पिढीस सहन झाली नाही. कारण जे सर्वांचे आहे ते सर्वांनाच मोकळे असले पाहिजे, हे तिला पटलेले होते. गवताहून हवा अधिक सर्वांची आहे. तिच्यासाठी आज तुरुंगात जाण्याची आवश्यकता नाही. नगरपालिकेच्या सभेत उठून 'आमच्या गल्लीतील हवेचा आकडा सांगा' एवढे विचारावयाचे आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत दर सभेला विचारीत राहावयाचे आहे. वणीतल्या एखाद्या शाळेत आज पहिलीत बसलेले मूल वीस वर्षांनी कसा श्वास घेईल, हे त्या प्रश्नावर अवलंबून आहे. तो प्रश्न विचारण्याचे काम आम्ही आजपासून आमच्यापुरते सुरू करीत आहोत. वाचकांनी ते आपलेही मानावे.